बुरूज उडाला, पण दगड हलके राहिले

साताऱ्याच्या एका मुलाने मला त्याची चौदा मिनिटांची अॅनिमेशन फिल्म पाठवली. विषय आहे साताऱ्याच्या किल्ल्याला, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्याला, औरंगजेब बादशहाने १६९९-१७०० मध्ये घातलेला वेढा. कॉलेज सांभाळून, दोन वर्षं रात्री जागून, घरच्या संगणकावर ब्लेंडर या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने ती एकट्याने केली. सोबत तीन ओळी होत्या: "सर, घरचे सगळे छान म्हणतात. तुम्ही खरं सांगा. काय जमलंय, काय फसलंय, आणि आता हिचं काय करू?" त्याला दिलेलं उत्तर, त्याच्या परवानगीने, इथे जसंच्या तसं देतो आहे.

तुझी फिल्म मी तीनदा पाहिली. एकदा सगळी, आवाजासकट. एकदा आवाज बंद करून. आणि एकदा पडद्याकडे पाठ करून, नुसती ऐकली. कुणाचीही फिल्म मी अशीच पाहतो, कारण चांगलं संगीत वाईट हालचाल झाकतं आणि देखणं चित्र वाईट आवाज झाकतं. तिन्ही वेळा जे टिकलं ते तुझं खरं बळ आहे.

तिन्ही वेळा टिकली ती परात. सातव्या मिनिटाला तुझा म्हातारा गडकरी तटाच्या आतल्या अंगाला जमिनीवर पितळी परात ठेवतो, तिच्यात पाणी ओततो आणि उकिडवा बसतो. अकरा सेकंद काहीच हलत नाही. मग पाण्यावर एक बारीक थरथर उमटते, विरते, पुन्हा उमटते. म्हातारा पाण्याकडे बघत राहत नाही. तो तळहात जमिनीवर ठेवतो आणि त्याची बोटं हळूहळू पसरत जातात. खाली सुरुंग खणला जातोय हे आम्हाला कळतं. खणणारा एकही माणूस तू दाखवलेला नाहीस, पहारीचा आवाजही दिलेला नाहीस. वेढ्याच्या युद्धात खालचं खोदकाम ओळखायची ही जुनी युक्ती आहे. ती तू वाचलीस की कुणाकडून ऐकलीस ठाऊक नाही, पण तिचं तू चित्र केलंस. शत्रू पायाखाली आहे, दिसत नाही आणि त्याला थांबवता येत नाही, ही वेढ्यातली सगळी भीती त्या एका परातीत आली आहे. मी सव्वीस वर्षं अॅनिमेशनचा धंदा करतोय. मोठा खर्च करून उभी केलेली, हजारो सैनिकांची दृश्यं पाहून विसरून गेलोय. ही परात विसरणार नाही.

तो शॉट का जमला हे तुला नेमकं कळायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी तो योगायोगाच्या भरवशावर राहील. त्यात वजन आहे. पाण्याला वजन आहे, म्हणून ते ओतताना परातीच्या कडेला आपटून परत फिरतं. म्हाताऱ्याच्या अंगाला वजन आहे, म्हणून बसताना तो आधी गुडघ्यावर हात टेकतो. हाताला वजन आहे, म्हणून जमिनीवर टेकल्यावर बोटं चपटी होतात. हे तू कुठून आणलंस? बहुतेक घरातल्या कुणाला तरी बसताना पाहून आणलंस. तिथे तू बघून काम केलंस. लढाईच्या प्रसंगांत मात्र तू इतरांच्या लढाया आठवून काम केलंस, आणि तिथेच फिल्म हवेत तरंगायला लागते.

लढाईवर येण्याआधी आणखी दोन चांगल्या गोष्टी.

धान्य मोजणारी बाई. पहिल्यांदा ती पायलीने मोजते, नंतर शेराने आणि शेवटी ओंजळीने. तिन्ही शॉट एकाच जागेवरून घेतलेत, मध्ये कितीतरी वेळ गेलाय, आणि कुणी एक शब्द बोलत नाही. तिसऱ्या वेळी ती ओंजळीतले चार दाणे परत कणगीत टाकते. वेढा म्हणजे साडेचार महिने चाललेली ही मोजदाद. लढाई त्यात थोडे दिवस असते, बाकी सगळी वाट बघणं असतं. डिसेंबर १६९९ मध्ये बादशहाची छावणी पडली आणि २१ एप्रिल १७०० ला किल्ला गेला. तो गेला त्यात सुरुंगाइतकाच या ओंजळीचा वाटा होता. हौशी युद्धपटात ही जाण क्वचितच दिसते, कारण करणाऱ्याला तलवारी आणि तोफा दाखवायची घाई असते.

दुसरी गोष्ट म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज. तो तुझ्या आजोबांचा आहे असं श्रेयनामावलीत वाचलं. त्यांना मध्येच धाप लागते आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. तू ते कापलं नाहीस, फार चांगलं केलंस. तालमीतल्या नटाला हे आणता आलं नसतं. शिवाय ते बोलतात आपल्याकडच्या वळणाने, "पानी हाललं का रं?" असं. बाकीची पात्रं मात्र मालिकांमधल्या दरबारासारखी बोलतात, छाती फुगवून, प्रत्येक वाक्याला टाळी हवी असल्यासारखी. गडावर चार महिने अर्धपोटी राहिलेला माणूस तसं बोलत नाही. बाकीचे आवाजही घरातल्या, गल्लीतल्या माणसांचे घे. ध्वनिमुद्रण कपाटाचं दार उघडं ठेवून, दोन्ही बाजूंना गोधड्या टांगून कर. भिंतीचा घुमारा जातो आणि एक पैसा खर्च होत नाही.

आता फसलेल्या गोष्टींकडे येतो. हा भाग लांब आहे, आणि तो लांब आहे याचं कारण तुझी फिल्म त्या लायकीची आहे.

तुझ्या लढाईत कशालाच वजन नाही. तलवार हवेतून येते, अंगाला लागते आणि तशीच पुढे निघून जाते. मोजून पाहिलं: वार सुरू झाल्यापासून लागेपर्यंत चौदा फ्रेम. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर अर्ध्या सेकंदाहून जास्त, आणि सगळा प्रवास संथ, झटका कुठेच नाही. हे संगणकाने केलंय, तू नाहीस. दोन की-फ्रेम, म्हणजे हालचालीची सुरुवात आणि शेवट ठरवणाऱ्या फ्रेम, दिल्या की मधली वाट तो स्वतः आखतो, आणि ठरवून न बदलल्यास ती हळू सुरू होते नि हळू संपते. पाळण्याला ती गती शोभते, घावाला नाही. तलवार उचलताना आठ-दहा फ्रेम दे. तिथे खांदा मागे जाऊ दे, कंबर वळू दे, मागच्या पायावर भार येऊ दे. खाली येताना दोन, फार तर तीन फ्रेम. ढालीवर आदळली की दोन फ्रेम पूर्ण थांब, कारण त्या थांबण्यातच घाव असतो. मग दोघांनाही सावरायला दहा-बारा फ्रेम. एवढ्या बदलाने तुझं तेच चित्र जड होईल.

पाय घसरतायत, हे तुलाही दिसलं असेल. चालण्याचं चक्र एका वेगाचं आणि माणूस पुढे सरकतोय दुसऱ्याच वेगाने, त्यामुळे सगळं सैन्य शेवाळलेल्या फरशीवर चालल्यासारखं वाटतं. टेकलेला पाय जमिनीला खिळलेला हवा आणि शरीर त्याच्यावरून पुढे जायला हवं. एका पावलात माणूस किती अंतर कापतो ते मोज आणि सरकण्याचा वेग त्यावरून ठरव. शिवाय साताऱ्याच्या चढावर माणूस सपाटीसारखा चालत नाही. अंग पुढे झुकतं, पाऊल लहान होतं, हात मांडीवर येतो. अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता सोड, पायवाटेने वर जा आणि सकाळी फिरायला येणाऱ्या लोकांच्या चाली बघ. एक सकाळ त्यासाठी पुरे.

हत्तीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण हत्ती माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. लहानपणी सांगलीच्या गणपती मंदिराचा हत्ती रस्त्यातून जायचा तेव्हा आम्ही पोरं मागे मागे फिरायचो, आणि मी घरी येऊन त्याचे पाय काढायचो. तुझा हत्ती घोड्याच्या दुडक्या चालीने येतो, चारही पाय हवेत सुटतात. हत्ती असा कधीच चालत नाही. कितीही घाईत असला तरी त्याचा एक तरी पाय जमिनीवर असतोच. चालताना एका बाजूचा मागचा पाय पडतो, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा आणि पुढचा. मागचा पाय जवळपास पुढच्या पायाच्या ठशावरच येतो. पाय टेकला की तळवा पसरतो, उचलला की आक्रसतो. डोकं प्रत्येक पावलाला किंचित खाली जातं. एवढं केलंस तर अंबारीतला माणूस आपोआप डुलायला लागेल, त्याला वेगळं डोलवावं लागणार नाही.

आणि आता बुरूज. तुझ्या फिल्मचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे आणि तोच शॉट सगळ्यात कच्चा आहे.

नारिंगी आगीचा लोळ उठतो. तो सिनेमातला, पेट्रोल पेटवून काढलेला लोळ आहे. जमिनीखाली दाबलेली बंदुकीची दारू फुटते तेव्हा आधी जमीन फुगते. मग माती, धूळ, चिरे वर फेकले जातात आणि सगळं करडं-तपकिरी होतं. ज्योत दिसलीच तर क्षणभर. पांढुरका धूर मागाहून, फटींतून येतो. तुझ्या बुरुजाचे दगड वीस मीटरवरून अर्ध्या सेकंदात खाली येतात, म्हणून तो बुरूज टेबलावर ठेवलेल्या खेळण्यासारखा वाटतो. दगड पहिल्या सेकंदात साधारण पाच मीटर पडतो आणि दोन सेकंदांत वीस. म्हणजे वीस मीटरसाठी अठ्ठेचाळीस फ्रेम हव्यात. आकार मोठा वाटायला हवा असेल तर वेळ जास्त लागला पाहिजे, हा हिशेब कायम हाताशी ठेव. उलटही लावून बघ: चिरे पंचेचाळीस मीटर वर उडाले तर वर जायला तीन सेकंद आणि खाली यायला तीन. सहा सेकंद आकाश दगडांनी भरलेलं असतं आणि खालची माणसं वर बघत असतात. त्या सहा सेकंदांत तू तलवारी, घोडे, आरोळ्या असे नऊ कट मारलेस. एकही मारू नकोस. ते चेहरे दाखव.

इथे सांगलीतली एक आठवण सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. ते ओसरत असताना आमच्या नात्यातल्या एका जुन्या घराची मातीची भिंत माझ्या डोळ्यांदेखत गेली. ती कोसळली नाही. आधी खालून फुगली. मग बराच वेळ तशीच उभी राहिली, इतका वेळ की आता राहील असं वाटलं. आणि मग ती स्वतःतच खाली बसली, मागाहून धूळ आली, आणि सगळ्यात शेवटी आवाज झाल्याचं आमच्या लक्षात आलं. त्या घरातल्या बाई कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी भिंत पाडायची असली की ते मधलं थांबणं ठेवतो. तुझ्या बुरुजाला ते दे.

आवाजाचंही तसंच आहे. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. बादशहाचा तळ किल्ल्याच्या उत्तरेला करंज्याच्या बाजूला होता. तू त्याचा तंबू दाखवलायस, आणि स्फोट होताच त्याच फ्रेमला तो दचकतो. तंबू बुरुजापासून दोन किलोमीटर धरलास तरी आवाज पोचायला सहा सेकंद लागतील. त्याला आधी डोंगरावर धूळ उठलेली दिसेल, काहीही ऐकू न येता. जवळच्या पेल्यातलं पाणी हलेल. मग आवाज. बघ, तुझी परातच परत आली, या वेळी पलीकडच्या गोटात. ही जोडणी तुझ्या फिल्ममध्ये आधीपासून आहे, तुला फक्त ती वापरायची आहे.

इतिहासात तू केलेली मोडतोड मला तांत्रिक चुकांहून जास्त खटकली, कारण तिने तुझीच गोष्ट लहान झाली. १३ एप्रिलला दोन सुरुंग उडाले. पहिल्याने मंगळाईचा बुरूज उडाला आणि वरचे मराठे गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले जाऊनही वाचले. मोगल खाली जमून वर घुसायच्या तयारीत होते, तेवढ्यात दुसरा स्फोट झाला आणि तट बाहेरच्या बाजूला त्यांच्याच अंगावर आला. दीड-दोन हजार माणसं त्यात गेली असं सांगतात. तू दोन्ही स्फोटांचा एकच केलास, त्यात फक्त शत्रू मारलास आणि भगवा फडकवून 'अजिंक्य!' अशी अक्षरं आणलीस. पण आठ दिवसांनी किल्ला स्वाधीन करावा लागला. दाणागोटा संपला होता, दारूगोळा संपला होता. मार्चच्या सुरुवातीला सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. बादशहाने शहजादा आझमच्या नावावरून किल्ल्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी तो परत घेतला, आणि अजिंक्यतारा हे नाव त्यानंतरचं. तुझी पात्रं १७०० मध्येच 'अजिंक्यतारा' म्हणतात, तेही बदल. त्यांच्यासाठी तो साताऱ्याचा किल्ला होता.

किल्ला हरल्याचं दाखवलं तर लोकांना आवडणार नाही अशी तुला धास्ती असेल. पण तुझी फिल्म तिकडेच चालली होती. पायली, शेर, ओंजळ या तीन पायऱ्यांची चौथी पायरी विजयाचा झेंडा कशी असेल? चौथी पायरी रिकामी कणगी आहे. दार उघडतं, माणसं बाहेर पडतात, म्हातारा परात काखेत घेऊन उतरतो. साडेचार महिने बादशहाची एवढी फौज एका डोंगराखाली अडकवून ठेवली होती या माणसांनी. त्यांचा मोठेपणा दाखवायला खोट्या विजयाची गरज नाही. राजाराम महाराज गेल्याची बातमी गडावर पोचते तो प्रसंगही तुझ्याकडे नाही. तो हवा, आणि तोही न बोलता: नगारा वाजायचा थांबतो, एवढंच.

शत्रूला तू एकच चेहरा दिलायस आणि तो दात काढून हसतो. सुरुंग खणणारे बेलदार कोण होते? पोटासाठी अंधारात माती उपसणारी माणसं. त्यातला एखादा बोगद्यात खणता खणता थांबून वर कान लावतो आणि बरोबर त्याच्या डोक्यावर तुझा म्हातारा जमिनीला हात लावून बसलेला आहे, असा एक शॉट कर. मध्ये फक्त मातीचा थर. तू साताऱ्याचा आहेस, तुला हे समजावून सांगायला नको. तुमच्या जिल्ह्यात गावोगाव फौजी घरं आहेत. अपशिंग्यासारख्या गावातले शेहेचाळीस जण एकट्या पहिल्या महायुद्धात कामी आले. लढाई म्हणजे परत न आलेला माणूस, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. शत्रूच्या बाजूचा माणूसही कुणाच्या तरी घरी परतला नाही, एवढं दिसलं की तुझ्या बाजूच्या माणसांचं मरणही खरं वाटेल.

जागेबद्दल थोडक्यात. तुझा तट पिवळ्या दगडाचा आहे. तयार टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं दगडाचं चित्र, उतरवून घेतलंस, ते राजस्थानातल्या किल्ल्याचं दिसतं. आपला दगड काळा. उन्हात करडा होतो, पावसात चकाकतो, त्यावर शेवाळ नि बुरशीचे डाग असतात. मोबाईलने तटाचे फोटो काढून स्वतःचं टेक्स्चर कर. ढगाळ हवेत काढ, म्हणजे फोटोत सावल्या पक्क्या बसणार नाहीत. आणि डोंगर सगळ्या फिल्मभर हिरवागार आहे. डिसेंबरात तिथलं गवत पिवळं पडलेलं असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि पळस फुलतात, एप्रिलपर्यंत डोंगर भाजून निघालेला असतो, कुठे वणव्याने काळा झालेला. महिने उलटल्याचं सांगायला तू पाच वेळा तारखेची पाटी आणलीस. गवताचा रंग बदल, पाट्या काढून टाक. यवतेश्वराच्या घाटात संध्याकाळी उभा राहा. तिथून किल्ल्याचा आडवा पसारा, खालचं शहर, सगळं एका नजरेत येतं. तोच तुझा पहिला शॉट व्हायला हवा, कारण सध्या किल्ला कुठे, छावणी कुठे, सुरुंग कोणत्या बाजूला, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यात तू मधूनच कॅमेरा पलीकडे नेतोस, त्यामुळे डावीकडून उजवीकडे धावणारे मराठे पुढच्या कटला उजवीकडून डावीकडे धावतात आणि ते आपल्याच लोकांवर चालून जातायत असं वाटतं. दोन फौजांमध्ये एक रेघ कल्पून सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेव. ड्रोनसारखा भिरभिरणारा कॅमेरा बंद कर. जिथे माणूस उभा राहू शकतो तिथेच कॅमेरा ठेव. परात तू म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलीस, आठव.

चारशे सैनिक एका पावलावर पाऊल टाकत चालतात, कारण सगळ्यांचं चक्र एकाच फ्रेमला सुरू होतं. तीन वेगळी चक्रं कर आणि प्रत्येकाची सुरुवात मागेपुढे सरकव, गर्दी लगेच जिवंत होईल. त्याहून सोपं म्हणजे चारशे दाखवूच नकोस. कड्याच्या वरून नुसती भाल्यांची टोकं आणि धूळ दिसू दे. चारशे सांभाळण्यात तुझा संगणक रात्रभर राबला आणि हाताशी असलेली पाच पात्रं तशीच कच्ची राहिली.

तोड्याच्या बंदुकांतून तुझे लोक एकामागून एक गोळ्या झाडतात. नळीत दारू ओतायची, गोळी घालून गजाने ठासायची, बंदुकीच्या कानात, म्हणजे नळीच्या भोकापाशी, रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू टाकायची, जामगी म्हणजे जळती वात फुंकून निखारा जिवंत करायचा, तेव्हा कुठे एक बार निघतो. ते ठासणंच दाखव. थरथरत्या हाताने रंजक सांडतं, शेजारी ओरडतोय, आणि बार अजून झालेला नाही: झाडलेल्या दहा गोळ्यांपेक्षा यात जास्त ताण आहे. बार झाल्यावर धूर निघतो आणि पुढचं काही दिसत नाही. तो धूर तुझ्या फायद्याचा, मागची अर्धी गर्दी त्यात लपते.

संगीताबद्दल एवढंच की ते काढून टाक. इंटरनेटवरून घेतलेले ते परदेशी ढोल आजोबांच्या आवाजावर चढून बसलेत, आणि परवानगीविना घेतलेला तुकडा असेल तर महोत्सववाले फिल्म परत पाठवतील. शिंग, नगारा, कुठे हलगी, आणि बाकी वारा. गडावरचा वारा तू स्वतः मुद्रित कर, माईकवर स्पंजचं टोपण घालून. रात्रीचे प्रसंग मोबाईलवर पूर्ण काळे दिसतात, तेही उजळव.

आता मूळ मुद्द्यावर. आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभं केलं, हे तू शाळेत वाचलं असशील. त्याच भाव्यांनी लाकडाच्या, सांध्यासांध्यांत हलणाऱ्या बाहुल्या केल्या होत्या. लाकडाच्या बाहुलीचा हात सोडला की तो आपोआप खाली पडतो. तिला वजन लाकडातूनच मिळतं. संगणकातल्या बाहुलीचा हात सोडला तर तो हवेत तसाच राहतो. तिथलं सगळं वजन, अगदी तांब्याभर पाण्याचंसुद्धा, करणाऱ्याने आपल्या हाताने घालावं लागतं. मी मुंबईत शिकाऊ होतो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पंधरा दिवस एकच काम दिलं: बाई भरलेला हंडा उचलते आणि बाई रिकामा हंडा उचलते. हंडा काढायचा नाही, फक्त बाई काढायची, आणि कोणता भरलेला ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. पंधराव्या दिवशी जमलं. हाच अभ्यास तू कर. पंधरा दिवस, दुसरं काही नाही.

'मी हौशी आहे' असं तू पत्रात दोनदा लिहिलंस, जणू माफी मागतोयस. आपल्याकडे हौशी रंगभूमीवर माणसं दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करतात आणि राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहतात. त्यांच्यापुढे कुणी 'फक्त हौशी' म्हणत नाही. हौशी माणसाकडे वेळ असतो आणि त्याच्यावर कुणाचा हुकूम नसतो. धंद्यातल्या कुणालाही अकरा सेकंद काहीच न हलणारा शॉट ठेवू दिला नसता. तुला कुणी अडवलं नाही.

तर हिचं काय करायचं. सगळी फिल्म नव्याने करायला बसू नकोस, दोन वर्षं आणखी जातील आणि तू कंटाळशील. सुरुवातीचं दीड मिनिटाचं निवेदन काप. मधली तलवारबाजी निम्मी कर, उरलेल्या घावांची वेळ वर सांगितली तशी सुधार. हत्ती जमत नसेल तर फक्त त्याचे पाय आणि सावली दाखव. दोन स्फोट वेगळे कर, शेवट बदल, आवाज नव्याने घे. नऊ-दहा मिनिटांची फिल्म होईल. तीन-चार महिन्यांचं काम आहे. मग ती महोत्सवांना पाठव, आणि त्याआधी गावात एकदा पडद्यावर दाखव, म्हाताऱ्या फौजींना पुढे बसवून. ते कुठे खुर्चीत चुळबुळ करतात ते वहीत लिहून ठेव.

परातीच्या शॉटला मात्र हात लावू नकोस, रंगही बदलू नकोस. आणि दुसऱ्या स्फोटाचा शॉट तयार झाला की तेवढाच आधी मला पाठव, आवाज न लावता.